नव्या चिजेचे वावडे

मागल्या हिवाळ्यात वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी भरलेल्या संगीत-महोत्सवास जाण्याचा योग आम्हांस आला. गावाचे व चालकांचे नाव सांगण्याचे कारण नाही. आम्ही जे पाहिले ते त्या एकाच गावी घडते असे नव्हे, आणि चालक मंडळी सज्जन व पदरमोड करणारी होती याविषयी आमच्या मनात किंतु नाही. मंडप प्रशस्त होता. रोषणाई तर एखाद्या लग्नघराला लाजविणारी होती. कार्यक्रमाची वेळ साडेसहाची. दीपप्रज्वलन सव्वासातला झाले. पुढे शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे, आणि ‘मला गाण्यातले काही कळत नाही, परंतु’ अशा प्रस्तावनेची तीन भाषणे. (गाण्यातले कळत नाही हे व्यासपीठावरून अभिमानाने सांगण्याची चाल आपल्याकडे कोणी पाडली हे एकदा शोधून काढले पाहिजे. शेतकीच्या सभेत ‘मला पेरणीतले काही कळत नाही’ असे म्हणून कोणी बोलावयास उभा राहत नाही.) साडेआठला पाहुणे उठले, त्यांच्यामागे पुढच्या दोन रांगा उठल्या, आणि मग जवळच्याच एका गावच्या, विशारद झालेल्या तरुण मुलीला गावयास बसविण्यात आले. तिला कबूल केलेला पाऊण तास आता वीस मिनिटांवर आला होता.

तिने बागेश्री मांडला. विलंबित आटोपते घेऊन ती द्रुत चिजेवर आली, तेव्हा आम्ही सावरून बसलो. कारण ही चीज आम्ही कधी ऐकली नव्हती. शब्द वऱ्हाडी वळणाचे होते. विहिरीचे पाणी खाली गेलेले, आणि पोहऱ्याला किती हात दोर लागतो ते मोजणारी बाई, असा काहीसा त्यांचा आशय होता, आणि दोर खाली सोडावा तशी पहिल्या ओळीची स्वरावली मध्यमावरून मंद्रातल्या धैवताकडे उतरत होती. अंतरा सुरू झाला न झाला तोच निवेदक महाशय मागून वाकले आणि ध्वनिक्षेपकातून सर्वांस ऐकू जाईल अशा कुजबुजीने म्हणाले, “ताई, आता एखादा अभंग होऊन जाऊ द्या.” मुलीने अंतरा तसाच सोडला आणि अभंग घेतला. टाळ्या पडल्या. नंतर मोठ्या शहरातून आलेले नामांकित गवई बसले. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दहाला ध्वनिक्षेपक बंद होणार, म्हणून तासाभरात त्यांनी आपल्या ध्वनिमुद्रिकेत आहे तोच राग, तीच चीज आणि जवळजवळ त्याच ताना म्हटल्या. श्रोते तृप्त होऊन घरी गेले.

आमची तक्रार त्या उशिराबद्दल नाही. उशीर हा आमच्या सार्वजनिक जीवनाचा स्थायीभावच आहे. नामांकित गवयांबद्दलही नाही. त्यांनी लोकांस हवे ते दिले. आमची तक्रार त्या कुजबुजीबद्दल आहे. एक नवी चीज, तिच्याच मुलखात, तिच्याच भाषेच्या लोकांसमोर, शास्त्रोक्त संगीताच्या म्हणविणाऱ्या महोत्सवात, अंतऱ्यावर असताना मोडण्यात आली, आणि सबंध मंडपात कोणाला काही मोडल्यासारखे वाटले नाही. विदर्भाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आता ‘आमचाही सवाई व्हावा’ अशी हौस बोलून दाखविली जाते. हौस स्तुत्य आहे. परंतु या हौसेच्या पोटात जी एक समजूत दडली आहे, ती आम्हांस घातक वाटते. शास्त्रोक्त संगीत म्हणजे होऊन गेलेले संगीत. ते पूर्वजांनी पुरे करून ठेवले. आता वर्षातून एकदा नामांकित हातांनी त्याची पेटी उघडावयाची, सुगंध घ्यावयाचा आणि झाकण लावावयाचे, अशी ती समजूत होय.

या समजुतीला इतिहासाचा आधार मुळीच नाही. ज्या ख्यालाला आज आपण सनातन समजतो, तो दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारात, म्हणजे १७१९ ते १७४८ या काळात, नियामतखाँ या बीनकाराच्या हातून रूपास आला. ध्रुपदापुढे ख्याल हा त्या काळी हलका माल समजला जात असे. नियामतखाँने आपल्या चिजांत ‘सदारंग’ ही मुद्रा घातली, आणि दिल्लीच्या रसिकांनी ती ऐकली तेव्हा तिची शाई ओली होती. पुढे अदारंग आले. बडोद्याचे फैयाजखाँ ‘प्रेमपिया’ झाले, विलायत हुसेनखाँ ‘प्राणपिया’ झाले, आणि जगन्नाथबुवा पुरोहितांनी ‘गुणीदास’ या नावाने चिजा रचून शिवाय जोगकंस राग गाजविला. अंतऱ्यात आपले नाव गुंफण्याची ही चाल काय सांगते? ती हेच सांगते, की चीज कोणीतरी, कोणत्यातरी दिवशी, आपल्या बुद्धीने रचतो आणि तिची जबाबदारी घेतो. चिजा आकाशातून पडत नाहीत.

पंडित भातखंड्यांचे उदाहरण तर आमच्या प्राचीनाभिमानी मित्रांनी पुनःपुन्हा आठवावे. त्यांनी खाँसाहेबांच्या दारी जाऊन, आर्जवे करून, शेकडो चिजा मिळविल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापून सर्वांस मोकळ्या केल्या. जुने जतन करण्याचे श्रेय त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाचे आहे? पण तेच भातखंडे ‘चतुर’ या मुद्रेने स्वतः लक्षणगीते रचीत होते, आणि त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर ‘सुजान’ या मुद्रेने त्यांच्या पुढे गेले. १९१६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास जी अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीत गाणे झाले तसे वादही झाले. रागाचे रूप कोणते, स्वर कोणता, यावर भर सभेत भांडणे झाली. तिचे नाव ‘परिषद’ होते हे लक्षात घ्यावे. आता परिषद जाऊन महोत्सव आला आहे. महोत्सवात भांडण नसते; प्रायोजकांचे फलक असतात.

आता ‘सवाई’चे म्हणाल, तर पुण्याचा तो उत्सव १९५३ साली सुरू झाला तो आदल्या वर्षी वारलेल्या गुरूचे ऋण फेडण्यासाठी, एका शिष्याच्या हाताने. भीमसेन जोशी तेव्हा तिशीच्या आसपासचे तरुण गायक होते. त्या उत्सवाची नक्कल करावयाची तर त्या ऋणाची करावी. मंडपाच्या लांबी-रुंदीची केल्याने काय होणार? प्रत्येक जिल्ह्याच्या गावी तेच पाच-सात कलावंत तोच मारवा आणि तोच यमन घेऊन येतील, आणि जिल्हा जेथे होता तेथेच राहील. घरबसल्या मोबाइलवर जे फुकट ऐकावयास मिळते, तेच धूळ खात, खुर्चीवर अवघडून ऐकल्याचे समाधान मात्र मिळेल.

‘लोकांना नवे नको असते’ हे या बाबतीतले ठरलेले उत्तर. हे उत्तर देणारे बहुधा लोकांस विचारीत नाहीत. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. ते लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकी या त्या वेळच्या चाळिशी न गाठलेल्या गायकाचे. खाँसाहेबांची भूमिका करणारे वसंतराव देशपांडे मुर्तिजापूर भागात जन्मलेले, म्हणजे आमच्या कारंज्याच्या अगदी शेजारचे. आता बंद पडलेली ‘शकुंतला’ गाडी मुर्तिजापुराहून कारंज्यावरूनच यवतमाळला जात असे. नाटकाचा विषयच मुळी घराण्याच्या विद्येला घातलेले कुलूप. त्यातील पदे रागांत बांधलेली होती आणि त्या वर्षी ती कोरी करकरीत नवी होती. लोकांनी ती झिडकारली काय? ती इतकी घरोघर झाली की आज तीच ‘जुनी’ म्हणून मागितली जातात. प्रभा अत्रे २०२४ च्या जानेवारीत निवर्तल्या. कलावती रागातील त्यांची स्वतःची बंदिश श्रोते मैफलीत हटकून मागत असत. अपूर्व कल्याण हा त्यांनी निर्मिलेला राग. ज्या महोत्सवात त्यांची तसबीर लावून दिवा लावतात, त्याच महोत्सवात दुसरी एखादी मुलगी स्वतःची चीज गाऊ लागली की मागून वाकतात, यापरते आश्चर्य ते कोणते?

येथवर आम्ही सामान्य बोललो. आता वाशिम जिल्ह्याविषयी बोलतो; कारण असा महोत्सव नव्याने मांडावयाचा तर त्यास आम्हांस हीच भूमी सर्वांत योग्य वाटते, आणि हे ऐकून हसणारे हसतील हेही आम्हांस ठाऊक आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा आणि २०११ च्या गणनेप्रमाणे सुमारे बारा लाख वस्तीचा हा जिल्हा. २०१८ साली सरकारने त्याला ‘आकांक्षित जिल्हा’ अशी पदवी दिली. मागासलेला म्हणावयाचे ते गोड करून म्हटले, इतकेच. आरोग्य, शिक्षण, शेती-पाणी, बँका, रस्ते यांची मापे घेऊन आकांक्षा मोजण्यात आली. ती मापे खरी आहेत आणि त्यांतले दैन्यही खरे आहे. परंतु ज्या गावाची आकांक्षा मोजावयास निघाला आहात, ते गाव कोणते याची थोडी चौकशी केली असती तर बरे झाले असते.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला वश करण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्यामागे देशोदेशी गेली, आणि अखेर विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्वविवाह झाला. काव्य आणि साहित्यविद्या यांचे लग्न लावावयास हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या पंडिताला काशी सुचली नाही, उज्जयिनी सुचली नाही, वाशिम सुचले! याच पंडिताच्या ‘कर्पूरमंजरी’त ‘वच्छोमी’ म्हणून एका काव्यरीतीचा उल्लेख आहे. तिचे नावही या गावावरूनच आले.

केवळ पूर्वजांचा मोठेपणा मिरविण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. तसे केले तर ज्या रोगावर टीका करावयास बसलो तोच आम्हांस जडला असे होईल. आमचा मुद्दा निराळा आहे. वत्सगुल्माच्या वाकाटकांनी काय केले ते पहा. या शाखेचा मूळ राजा सर्वसेन याने पारिजातहरणाच्या कथेवर ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य स्वतः रचले. याच घराण्यातील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकाच्या अखेरीस अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. आज जगातून लोक जे ‘प्राचीन’ म्हणून पाहावयास येतात, ते त्या मंत्र्याच्या दृष्टीने चालू वर्षाचे काम होते. कारागिरांनी परवा रंग दिला होता आणि काल तो वाळला होता. त्याने मौर्यांच्या वेळची मूर्ती भाड्याने आणून तिच्यावर दिवे सोडले नाहीत. आणि ‘हरिविजया’चे काय झाले? ते काव्य आज नाही. आनंदवर्धन, कुंतक, भोज यांनी त्याची वाहवा केली म्हणून ते होते एवढे आपणांस कळते. कारंज्याच्या जैन भांडारांत अपभ्रंश काव्ये नीट जपून ठेवली गेली, म्हणून हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांना १९३० नंतरच्या दशकात ती छापता आली. ‘हरिविजया’ला असे भांडार लाभले नाही. एकाच जिल्ह्यात जपलेले आणि गमावलेले असे दोन्ही दाखले आहेत. तेव्हा त्या मुलीच्या विहिरीच्या चिजेचे पुढे काय होणार, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

लहान गावाला असले उद्योग पेलत नाहीत असे कोणी म्हणेल. जर्मनीत काळ्या अरण्याच्या कडेला डोनाउएशिंगेन नावाचे एक गाव आहे. वस्तीने वाशिम शहराच्या निम्म्याहूनही लहान. तेथे १९२१ साली, पहिल्या महायुद्धाची राख अजून गरम असताना, केवळ नव्या रचनांचा संगीतोत्सव सुरू झाला. हिंडेमिथ हा पंचविशीतला रचनाकार तेथूनच पुढे आला. मधल्या काळात खंड पडले, राजवटी बदलल्या, दुसरे महायुद्ध झाले, पण तो उत्सव अजून भरतो, आणि युरोपातल्या नव्या संगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या गावाचे नाव टाळता येत नाही. तेथील सर्वच रचना गोड लागतात असे नाही. पुष्कळशा कानांस झोंबतात, आणि श्रोत्यांनी आरडाओरड केल्याचीही उदाहरणे आहेत. पण ती आरडाओरड नव्या रचनेवर झाली. आपल्याकडे आरडाओरड होते ती खुर्च्या कमी पडल्या म्हणून.

आणि बी-बियाणे बाहेरून आणण्याची तरी गरज आहे काय? मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजाऱ्यांचे तीर्थ. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे ‘बंजारा विरासत’ या नंगाऱ्याच्या आकाराच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याएवढी इमारत झाली, उत्तम झाले. आता नंगाऱ्याच्या ठेक्याकडे कान देणारा एखादा तबलजी, होळीच्या लेंगीत दडलेल्या स्वराकृती ओळखणारा एखादा गायक मिळाला म्हणजे त्या इमारतीचे चीज होईल. कुमार गंधर्वांनी माळव्यात हेच केले. १९४८ च्या सुमारास क्षयाने गाणे बंद पडलेले, देवासला अंथरुणावर पडून बाहेरून जाणाऱ्या बायकांची गाणी ते ऐकत राहिले, आणि बरे झाल्यावर त्या धुनांतून त्यांनी मालवती, लगनगंधार यांसारखे राग उभे केले. १९६५ साली ‘अनूपरागविलासा’त आपल्या रचना छापून टाकल्या. लोकगीताला शास्त्राचा अंगरखा चढविला असे हे नव्हे. रागाचा अंकुरच त्यांनी धुनेत पाहिला. आमच्या महोत्सवांत लोकसंगीताला काय मिळते? समारोपापूर्वी दहा मिनिटे, ‘लोककला-दर्शन’ या नावाखाली, रंगीत पोशाखांसह. वऱ्हाडातल्या गावोगावच्या भजनी मंडळांनी तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने आपलीशी केली. तीही विसाव्या शतकातली नवीच रचना होती. शेताच्या कामाने दमलेला माणूस रात्री दोनपर्यंत ती ऐकत बसतो, आणि याच माणसाला ‘गंभीर काही झेपत नाही’ असा शेरा आम्ही पांढरपेशे मारतो.

नव्या चिजा पुष्कळदा टाकाऊ असतात, हा आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. शब्द जुळविलेले, चाल उसनी, राग ओळखू यावा म्हणून पकड पहिल्याच आवर्तनात कोंबलेली, अशा चिजा आम्हीही ऐकल्या आहेत आणि ऐकताना जांभया आवरल्या आहेत. पण सदारंगाच्या काळी टाकाऊ चिजा झाल्या नसतील काय? झाल्या, त्या मेल्या. मरण्यासाठी सुद्धा चीज आधी गायली जावी लागते, चार जाणत्यांनी ऐकून नाक मुरडावे लागते. आज चाळणीच लावली जात नाही, म्हणून कोंडाही साठतो आणि दाणाही त्यात कुजतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे की, वाशिमास महोत्सव करावयाचाच तर तो सोयाबीन घरात आल्यावर, दोनशे माणसांच्या एखाद्या शाळेच्या सभागृहात करावा. तेथे ध्वनिक्षेपकाचे कामही थोडके आणि दहाच्या कायद्याची धास्तीही थोडी. येणाऱ्या प्रत्येक गवयाने, मग तो कितीही मोठा असो, एक तरी चीज हयात रचनाकाराची गावी आणि गाण्यापूर्वी त्याचे नाव घ्यावे. हे नाव न घेण्याची खोड भल्याभल्यांस आहे. ‘पारंपरिक’ म्हटले की सुटले! चिजेचे शब्द कागदावर छापून श्रोत्यांस द्यावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन त्याच सभागृहात आदल्या रात्रीच्या चिजांवर मोकळेपणी बोलावे, बोचरेही बोलावे. जे गायले गेले ते स्वरलिपीत उतरवून, ध्वनिमुद्रित करून गावच्या ग्रंथालयात ठेवावे. सत्कार एकही करू नये. शालींच्या पैशांत दोन तबलजींची बिदागी निघते. आणि ज्या मुलामुलींनी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिल्या आहेत, त्यांना दाराशी स्वयंसेवक म्हणून उभे न करता पुढच्या रांगेत बसवावे. दहावीला वाढीव गुण मिळाले की पेटी माळ्यावर टाकणाऱ्या त्या पोरांना, आपल्याच वयाची कोणी चीज रचते, हे एकदा डोळ्यांनी पाहू द्यावे.

त्या रात्री कार्यक्रम संपल्यावर आम्ही व्यासपीठामागे गेलो. मुलगी आपला इलेक्ट्रॉनिक तानपुरा पिशवीत घालीत होती. ती बागेश्रीतली चीज कोणाची, असे विचारता ती आधी घुटमळली, मग म्हणाली, “माझीच आहे.” मुद्रा कोणती घालतेस, असे विचारले तर म्हणाली, “अजून ठेवली नाही. तेवढं धाडस होत नाही.” वडिलांचे बी-बियाण्यांचे दुकान आहे, तिथल्या जुन्या उधारीच्या वहीच्या कोऱ्या पानांवर तिने आजवर अकरा चिजा उतरविल्या आहेत. आम्ही त्या वहीची छायाचित्रे मागून घेतली. तिसरी आणि नववी आमच्या मते कच्च्या आहेत, आणि तसे आम्ही तिला कळविले. विहिरीची चीज पाचवी आहे. त्या महोत्सवाच्या चालकांस आम्ही पत्र घालून विचारले आहे की, येत्या हिवाळ्यात या मुलीस ती अंतऱ्यासकट गाऊ देणार काय. उत्तर अद्याप आलेले नाही.